कोंबड्या मेल्या, अंड्यांचं काय?

(इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, पीकविमा आणि वीज हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज त्यांच्या रांगेत आम्ही कोंबडीचं अंडं आणून बसवलं आहे. मागं बसलेल्या काही भावांच्या तोंडावर हसू दिसतं आहे. त्यांनी आम्हाला एवढंच सांगावं, की घरातलं मीठ-मिरची, लेकराची वही, दवाखान्याला जायचं एसटीचं भाडं आणि माहेरी आलेल्या लेकीच्या हातावर ठेवायचे पैसे कोणत्या पिकाच्या पट्टीतून येतात? कापसाची पट्टी वर्षातून एकदा येते आणि ती घरी पोचण्याआधीच दुकानदाराच्या वहीत जमा झालेली असते. आठवडी बाजाराच्या दिवशी जो रोख पैसा घरात येतो तो पुष्कळ घरांत दुरडीतल्या अंड्यांचा आणि डालग्यातल्या कोंबड्यांचा असतो.

हिशेब मांडून पाहू. एका घरी आठ गावरान कोंबड्या आहेत. एक कोंबडी वर्षाला साठ अंडी देते असं धरलं तर ४८० अंडी झाली. त्यातली निम्मी उबवणीला आणि घरात खाण्यात गेली, तरी २४० अंडी विकायला उरतात. दहा रुपयांनी त्याचे २,४०० रुपये होतात. वर्षभरात घार, मुंगूस आणि रोगातून तीस पिलं वाचून मोठी झाली आणि नग तीनशेला गेला, तर आणखी ९,००० रुपये. कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्याच्या घरात अकरा-साडेअकरा हजार रुपये म्हणजे काय, हे या मांडवात कुणाला समजावून सांगायला नको. शिवाय हा पैसा बाईच्या हातातला. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. मालमत्तेत बाईचं नाव लागलं पाहिजे ही मागणी त्यानंतर गावोगाव पोचली. तरी आजही आपल्या भागातल्या बहुतेक मायबहिणींचं नाव सातबाऱ्यावर नाही. कोंबडीला सातबारा लागत नाही, म्हणून ती बाईची राहिली.

आता ही कोंबडी मरते तेव्हा काय होतं ते पाहा. बैल मेला तर पंचनामा होतो, गाव गोळा होतं. खुराड्यातल्या बारा कोंबड्या दोन रात्रींत मेल्या तर घरातली बाई एकटीच हळहळते. गावोगावच्या बैठकांत अशा बाया आम्हाला एकच प्रश्न विचारतात: "कोंबड्या कशानं मेल्या ते कळत नाही. पण दुरडीत वीस अंडी आहेत, आणि चार कोंबड्या अजून अंडी देत आहेत. ही अंडी लेकरांना द्यावी का? विकावी का? खुडूक कोंबडीखाली बसवावी का?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या उत्तरावर लेकराचा जीव, घरातला पैसा आणि गावाचा बाजार या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणं मागून देतो. कोंबड्या का मेल्या हे कळेपर्यंत त्या खुराड्यातलं एकही अंडं खायचं नाही, विकायचं नाही, उबवायला बसवायचं नाही आणि फेकायचंही नाही. दुरडी वेगळी ठेवायची, आणि पहिल्या दिवशीच कळवायचं.

अंड्याकडं बघून काही कळत नाही

अंडं चांगलं की वाईट हे ओळखायच्या युक्त्या आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत. पाण्यात टाकलं आणि तरंगलं तर नासकं. हलवलं आणि आत खळखळ वाजलं तर नासकं. फोडल्यावर वास आला तर नासकं. या युक्त्या खोट्या नाहीत, पण त्या अंड्याचं वय सांगतात. अंडं जुनं होतं तशी आतली हवेची पोकळी वाढते आणि ते तरंगतं. रोगी कोंबडीनं आज सकाळी घातलेलं अंडं पाण्यात सरळ तळाला जाईल. त्याला वास नसेल आणि बलकही पिवळाधमक असेल.

अंड्यातून दोन प्रकारचा धोका येतो. हे दोन प्रकार प्रत्येकीनं लक्षात ठेवावेत, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला धोका जंतूंचा. साल्मोनेला नावाचे जंतू कोंबडीच्या विष्ठेतून कवचावर येतात आणि काही वेळा कोंबडीच्या पोटातच, कवच तयार होण्याआधी, अंड्यात शिरतात. त्यांच्यामुळं माणसाला ताप, उलट्या आणि हगवण लागते. मोठा माणूस चार दिवसांत उठून बसतो, पण लहान लेकरू, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांच्या जिवावर बेतू शकतं. बर्ड फ्लूचा विषाणूही रोगी कोंबडीच्या अंड्यात कवचावर आणि आत अशा दोन्ही ठिकाणी सापडतो. आजारी कोंबडी बहुधा अंडी द्यायची थांबते, पण लक्षणं दिसायच्या आधीच तिच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो. म्हणून कालपरवाची अंडीसुद्धा संशयातून सुटत नाहीत.

जंतूंना एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे उष्णता. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अन्नाच्या प्रत्येक भागाला ७० अंश सेल्सियसची उष्णता पोचली पाहिजे. आपल्या चुलीच्या भाषेत सांगायचं तर पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटं अंडं उकळायचं, आणि पांढरं व पिवळं दोन्ही घट्ट झालं पाहिजे. अशक्त लेकराला दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची चाल अजून आहे, तालमीतल्या पोरांतही आहे. ती बंद झाली पाहिजे, घरात रोगराई असो की नसो.

दुसरा धोका विषाचा. उष्णतेनं जंतू मरतो, विष मरत नाही. कितीही उकळलं तरी ते अंड्यातच राहतं. आम्ही शिकलो ते पिकांचं, म्हणून या बाजूचं थोडं सविस्तर सांगतो. जून-जुलैत आपल्या शिवारात जे कापसाचं आणि सोयाबीनचं बियाणं पेरलं जातं, त्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेलं असतं. लाल-हिरवा रंग त्यासाठीच लावलेला असतो. माणसाला त्या रंगाचा अर्थ कळतो, कोंबडीला कळत नाही. ती पेरलेलं उकरते, पिशवीतून सांडलेलं वेचते. उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या ती खाते, औषधानं मेलेल्या किड्या-अळ्याही खाते. थिमेट म्हणून जे दाणेदार औषध आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्याच्या विक्रीवर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. पण बंदी आली म्हणून कोनाड्यातली जुनी पिशवी आपोआप रिकामी होत नाही.

यात आपण आपल्याच हातानं घातलेली भर आहे. कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा झाल्या, की पिकावर फवारायचं औषध पाण्यात कालवून तिला त्यात बुडवायचं किंवा खुराड्यात शिंपडायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये युरोपात काय झालं ते ऐका. हॉलंड आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांवरचे बारीक किडे मारायला फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक बेकायदा वापरलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून उचलून नष्ट करावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडं पिकांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. युरोपात तपासायला प्रयोगशाळा होत्या, म्हणून ते उघड झालं. आपल्या दुरडीतलं अंडं कोण तपासतो? पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळ जिल्ह्यात २०१७ सालीच फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. माणसाला मारणारं औषध कोंबडीला आणि तिच्या अंड्याला सोडून देईल असं समजायचं काही कारण नाही.

कशानं मेल्या?

आपल्याकडं कोंबड्या मेल्या की "मर लागली" असं म्हणून विषय संपवतात. मर हे रोगाचं नाव नाही. कोंबड्या मेल्या एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या कशानं मेल्या हे त्यातून कळत नाही.

सगळ्यांत जास्त कोंबड्या मारणारा आपल्या ओळखीचा रोग म्हणजे मानमोडी, सरकारी कागदावरचा राणीखेत. कोंबडी हिरवट हगते, तोंड वासून श्वास घेते, पाय आणि पंख लुळे पडतात, मान पिळवटते. अंडी पातळ कवचाची, वेडीवाकडी येतात, आतलं पांढरं पाण्यासारखं होतं. या रोगाचा माणसाला फारसा धोका नाही, आजारी कोंबड्या हाताळणाऱ्याचे डोळे तेवढे लाल होऊ शकतात. पण बर्ड फ्लूनंही कोंबड्या अशाच झपाट्यानं मरतात. तुरा आणि कल्ले निळे-काळे पडतात, डोकं सुजतं, आणि काही वेळा तर काहीच दिसत नाही, संध्याकाळी धडधाकट असलेली कोंबडी सकाळी मेलेली असते. नुसत्या डोळ्यानं मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

विषबाधेची चाल साधारण वेगळी असते. एकाच जागी चरलेल्या कोंबड्या काही तासांत पटापट मरतात, शेजारच्या वाड्यातल्या मरत नाहीत, आणि एक-दोन दिवसांत मरणं थांबतं. रोग मात्र एका घरातून दुसऱ्या घरात दिवसेंदिवस सरकत जातो. हा अंदाज डॉक्टरला सांगायला उपयोगी आहे, पण तेवढ्यावर अंडी शिजवायला घेऊ नका.

हे आपल्या दाराशी आलेलं आहे

बर्ड फ्लू हा कोकणातल्या नाहीतर परदेशातल्या मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा रोग, असं समजणारे आपल्यात आहेत. भारतात तो पहिल्यांदा जाहीर झाला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथं मोठ्या पोल्ट्री होत्या. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात निघाला, आणि तिथं तो परसातल्या कोंबड्यांत होता. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीतही तो निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात पन्नासच्या वर कावळे मरून पडले, त्यांच्यातही तोच विषाणू सापडला. त्याच महिन्यात आपल्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळा गावी वीस कोंबड्या मेल्या. नमुने पुण्याला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल बर्ड फ्लूचा आला आणि गावाभोवतीचा दहा किलोमीटरचा टापू सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

वीस कोंबड्या म्हणजे एखाद्या वस्तीवरच्या दोन-तीन घरांच्या कोंबड्या. तिथं कुणी कळवलं आणि नमुने गेले, म्हणून नाव निघालं. किती गावांत वीस कोंबड्या मेल्या, नाल्यात टाकल्या गेल्या आणि कोणत्याच कागदावर आल्या नाहीत, याचा हिशेब कुणाकडंच नाही.

माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर फार वाईट. २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये अकरा वर्षांचा एक मुलगा या रोगानं गेला. २०२५ च्या मार्चमध्ये आंध्रातल्या नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी गेली. घरात कोंबडी कापताना कच्च्या मांसाचा तुकडा तिनं खाल्ला होता, असं चौकशीत पुढं आलं. घरातल्या ज्यांनी तेच मांस शिजवून खाल्लं, त्यांना काही झालं नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला त्याच वर्षी घरातल्या मांजरांमध्ये हा विषाणू सापडला. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढं टाकू नका आणि मरायला टेकलेली कोंबडी कापायला घेऊ नका. खाण्यापेक्षा कापण्यात, पिसं उपटण्यात आणि आतडी काढण्यात धोका जास्त आहे, आणि ही तिन्ही कामं बहुतेक घरांत बाईच करते. लेकरं तिच्या भोवतीच असतात.

घाबरवण्यासाठी सांगत नाही

हे ऐकून उद्यापासून अंडी सोडा, असं आम्ही म्हणत नाही. तसं कुणी म्हणालं तर आम्हीच त्याला अडवू. २०२० च्या फेब्रुवारीत, करोनाचा एकही रुग्ण राज्यात नव्हता तेव्हा, कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो अशी आवई उठली. भाव इतके पडले की पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांनी कोंबड्या मातीमोल भावानं विकल्या, कित्येकांनी फुकट वाटल्या. त्या आवईला काडीचा आधार नव्हता. नुकसान मात्र खरं होतं, आणि ते भरून द्यायला आवई उठवणारे आले नाहीत.

निरोगी कोंबडीचं, नीट उकडलेलं अंडं हे गरिबाच्या घरातलं सगळ्यांत चांगलं अन्न आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांसाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली, आणि पुढं लेकरांच्या आहारात अंडं आलं ते याच कारणानं. ज्या भागात कुपोषणाची यादी दरवर्षी निघते, तिथं लेकराच्या ताटातलं अंडं काढून घेणं हे पाप आहे. त्या ताटात संशयाचं अंडं ठेवणंही तितकंच वाईट. अंड्यावरचा विश्वास टिकवायचा असेल तर संशयाचं अंडं आपणच बाजूला काढलं पाहिजे. आपण ते लपवून बाजारात नेलं आणि उद्या एखाद्या गावात लेकरं आजारी पडली, तर गिऱ्हाईक एका घराचं नाव घेणार नाही. ते सगळ्या गावरान अंड्यांकडं पाठ फिरवेल.

नुकसानभरपाई कुणाला?

आता सरकारचा हिशेब. बर्ड फ्लू ठरला की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी सरकार मारतं, अंडी आणि खाद्य नष्ट करतं, आणि त्याची भरपाई देतं. २०२१ च्या साथीत राज्यात असे दर होते: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, त्याखालच्या पिलाला २० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागं १२ रुपये. बाजारात गावरान कोंबडी आणि गावरान अंडं काय भावानं जातं ते मायबहिणींनी मनात मोजावं.

भाव कमी आहे हे एक झालं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्याची. आपोआप मेलेल्या कोंबडीची मिळत नाही. म्हणजे ज्या बाईच्या सगळ्या कोंबड्या रोगानं मेल्या, जिचं सगळंच गेलं, तिच्या हातात शून्य. मानमोडीनं मेल्या तरी शून्यच. मग ती कळवेल कशाला? कळवलं तर शेजारणीच्या जिवंत कोंबड्या मारल्या जातील आणि वस्तीवर तिलाच बोल लागेल. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं संसर्गजन्य रोगाची शंका आली की कळवण्याची जबाबदारी जनावराच्या मालकावर टाकली आहे. कायदा करून बाईच्या डोक्यावर जबाबदारी ठेवायची आणि भरपाईच्या यादीतून तिलाच वगळायचं, हा न्याय आम्हाला मान्य नाही. सरकारला रोग लवकर कळायला हवा असेल तर ज्या घरानं पहिल्यांदा कळवलं, त्या घराचं नुकसान पहिल्यांदा भरून दिलं पाहिजे. ही भीक नव्हे. तिनं दिलेल्या खबरीमुळं आजूबाजूच्या गावांतल्या कोंबड्या वाचतात, माणसं वाचतात. त्या खबरीचं मोल तिला मिळालं पाहिजे.

असं असूनही आम्ही आजच कळवा म्हणतो, याचं कारण व्यवहाराचं आहे. आहे या नियमातसुद्धा, पहिल्या दिवशी कळवलं तर जिवंत कोंबड्या नोंदीत येतात. आठव्या दिवशी कळवलं तर नोंद करायला काही उरत नाही.

दुरडीचा नियम

आता करायचं काय ते क्रमानं सांगतो. घरी गेल्यावर शेजारणीलाही सांगा.

एका-दोन दिवसांत दोन-तीन कोंबड्या कारण न कळता मेल्या, की त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवायचं. ग्रामपंचायतीतही सांगायचं. कधीपासून मरतात, किती होत्या, किती उरल्या, काय खाल्लं, शेजारी काय आहे, आसपास कावळे किंवा पाणपक्षी मेलेले दिसले का, हे सांगायचं.

मेलेली कोंबडी फाडून बघायची नाही. तोंडाला फडकं बांधून, हातात प्लास्टिकची पिशवी घालून ती उचलायची, पिशवीत बांधून सावलीला, कुत्र्यांपासून दूर ठेवायची. डॉक्टर नमुना घेतील किंवा काय करायचं ते सांगतील. त्यानंतर विहीर, नाला आणि हातपंप यांपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, वरखाली चुना टाकून पुरायची. नाल्यात टाकलेली कोंबडी रोग घेऊन खालच्या गावाला जाते. हात साबणानं धुवायचे, कपडे वेगळे धुवायचे.

उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवायच्या. विकायच्या नाहीत, पाहुण्याला द्यायच्या नाहीत, बाजारातून नव्या आणून त्यांत मिसळायच्या नाहीत. लेकरांना खुराड्याजवळ जाऊ द्यायचं नाही.

अंडी वेगळ्या दुरडीत, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख लिहून, स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवायची. डॉक्टरांनी कारण सांगितलं की पुढचा निर्णय त्यांना विचारून घ्यायचा. बर्ड फ्लू असेल तर अंडी सरकार नष्ट करील आणि त्यांची मोजणी होईल. म्हणून तर आम्ही फेकू नका म्हणतो. विषबाधा असेल तर अंडी पुरायची, आणि वाचलेल्या कोंबड्यांची अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांना विचारायचं. मानमोडी असेल तर ती अंडी उबवणीला कदापि बसवायची नाहीत.

घरातल्या कुणाला त्या दिवसांत ताप, खोकला, दम लागला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन "घरच्या कोंबड्या मेल्या आहेत" हे आधी सांगायचं. हे न सांगता घेतलेलं औषध चुकीचं ठरू शकतं.

आणि रोग नसतानाच्या दिवसांसाठी एक गोष्ट. अंडी धुवून साठवू नका. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर नैसर्गिक साय असते. धुतल्यानं ती साय जाते आणि घाण पाण्याबरोबर आत ओढली जाते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, आणि शिजवायच्या वेळी धुवा. तडकलेलं अंडं लेकराला देऊ नका.

संघटनेचं काम

मानमोडीला लस आहे आणि ती महाग नाही. तरी परसातल्या कोंबड्या बिनलशीच्या का राहतात? लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, बाईकडं कोंबड्या आठ. कुपी बर्फात ठेवावी लागते आणि एकदा फोडली की एक-दोन तासांत संपवावी लागते. एकटीनं हे जमत नाही. वीस घरांनी मिळून सहज जमतं. म्हणजे हा प्रश्न औषधाचा नसून एकजुटीचा आहे, आणि एकजूट करणं हेच आपलं काम आहे. प्रत्येक वस्तीवर एका ताईनं कोंबड्यांची मोजणी करायची, तालुक्याच्या डॉक्टरांकडून दिवस ठरवून घ्यायचा, आणि त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत, खुराडी उघडण्याआधी, सगळ्या वस्तीचं लसीकरण उरकायचं. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचणी, आणि पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची. मर सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. मानमोडीनं होणारी मर थांबली, की एक फायदा आणखी होतो. त्यानंतरही कोंबड्या मेल्या तर ते काहीतरी वेगळं आहे, हे सगळ्यांना लगेच कळतं.

या बैठकीतून सरकारकडं चार मागण्या जाव्यात, असा आमचा प्रस्ताव आहे. एक, कळवल्याच्या दिवसापासून मेलेल्या कोंबड्यांचीही भरपाई मिळावी. दोन, गावरान कोंबडी आणि अंड्याची भरपाई बाजारभावानं व्हावी आणि ती कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या खात्यात जमा व्हावी. तीन, नमुना नेला की अहवालाची मुदत ठरवावी आणि निकाल त्या घराला मराठीत, लेखी कळवावा. तोपर्यंत थांबवून ठेवलेल्या अंड्यांचे पैसे द्यावेत. चार, आठवडी बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवशीच पशुवैद्यक आणि लस मिळावी.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल, त्यासाठी भांडावंही लागेल. दुरडी वेगळी ठेवायला मात्र कुणाच्या मंजुरीची गरज नाही. आज घरी गेल्यावर खुराड्याच्या दारावर खडूनं १९६२ लिहून ठेवा, आणि वस्तीवर कोंबड्यांची मोजणी कोणती ताई करणार तिचं नाव या बैठकीतून उठण्याआधी आमच्याकडं द्या.